तांड्याची चाल

फाल्गुन लागतो, अरुणावती आणि अडाण या नद्यांच्या खोऱ्यांतील पळस पाने झाडून टाकून नुसत्या फुलांनी पेटतात, हरभऱ्याची सोंगणी उरकून माणसांच्या हातांना चार दिवसांची उसंत मिळते, आणि वाशीम जिल्ह्यातील मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या तालुक्यांच्या माळरानांवर वसलेल्या तांड्यांतून, जेवणवेळ टळली की, डफाचा आवाज येऊ लागतो. तो आवाज आधी एकट्याचा असतो. कोणीतरी शेकोटीवर डफाचे कातडे तापवून त्यावर थाप देऊन पाहत असतो. मग त्या थापेला दुसरी थाप येऊन मिळते, नायकाच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत माणसे गोळा होतात, रिंगण धरले जाते, एखादा जाणता गडी पहिली ओळ उचलतो, उरलेले सगळे ती झेलतात, आणि गोर बंजारा समाज जिला ‘लेंगी’ म्हणतो त्या होळीच्या गाण्याला सुरुवात होते. स्त्रियांचे रिंगण निराळे असते. त्या कमरेत वाकून, टाळ्या वाजवीत, एका पावलावर भार टाकून दुसरे पाऊल पुढे घेतात, तेव्हा त्यांच्या आरसे जडविलेल्या फेटिया-कांचळीवरची घुंगरे आणि वेणीत गुंफलेले चोटले आपला स्वतंत्र ताल धरतात.

हे गाणे ऐकणाऱ्या परक्या माणसाला, गोरबोलीत सांगावयाचे तर ‘कोर’ माणसाला, शब्द निम्मेअधिक उमगत नाहीत. परंतु त्याची चाल मात्र त्याला सोडीत नाही. थोड्याच स्वरांच्या आवारात फिरणारी, ओळीच्या शेवटी खाली उतरून डफाच्या ठोक्यावर पाऊल टेकणारी, प्रथम संथ आणि मग रात्र चढेल तशी चढत जाणारी ती चाल वऱ्हाडातील भजनाची नव्हे, जात्यावरच्या ओवीची नव्हे आणि फडावरच्या लावणीचीही नव्हे. मग ती आली कोठून? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पाठोपाठ गेले की आपण मोगल दप्तरापासून मारवाडच्या वाळूपर्यंत आणि तेथून थेट इंग्लंडातील एका खेड्याच्या अंगणापर्यंत जाऊन पोहोचतो. आणि मला तर असे वाटते की हा प्रवास केल्यावाचून लोकगीताच्या उगमाविषयी काही शहाणपणाचे बोलताच येत नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत एक खूण आधीच करून ठेवलेली आहे. गाण्याला आपण ‘चाल’ लावतो, आणि बैलालाही ‘चाल’ असते. घोड्याची चाल, पालखीची चाल, वाटसरूची चाल आणि अभंगाची चाल हे सारे एकाच शब्दाने सांगण्याची सोय मराठीने करून ठेवली आहे. स्वरांची रचना आणि पावलांची गती यांना एकच नाव देणारी ही दृष्टी ज्याला यथार्थपणे पाहावयाची असेल त्याने लेंगी ऐकावी. कारण ज्या समाजाने आपल्या इतिहासाची कित्येक शतके चालण्यातच घालविली त्याच्या गाण्याचा उगम त्याच्या वाटेवर शोधावा लागतो.

ही वाट वाशीमच्या परिसरात किती जुनी आहे याचा एक दाखला अनपेक्षित ठिकाणी सापडतो. अकबराच्या अंमलातील मुलखाची मोजदाद करणाऱ्या अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात ‘बाशिम’ हे एक सरकार, म्हणजे सुभ्याचा एक विभाग, म्हणून नोंदलेले आहे. आणि त्या नोंदीत आसपासच्या बाणेदार हटकरांचा उल्लेख केल्यावर ग्रंथकाराने बंजाऱ्यांच्या जमीनदारीचाही निर्देश केला आहे. शंभर घोडेस्वार आणि एक हजार पायदळ एवढे तिचे बळ. आणि त्या वेळी ती जमीनदारी एका स्त्रीच्या हुकमतीखाली होती, हेही त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे. त्या बाईचे नाव बादशाही दप्तराने दिले नाही. फाल्गुनातल्या रात्री रिंगणाच्या मध्याशी उभी राहून सगळ्या नाचणाऱ्या बायकांना एका इशाऱ्यावर वळविणारी एखादी वृद्धा मी जेव्हा पाहतो, तेव्हा मला त्या अनाम जमीनदारणीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पुढच्या शतकात बंजाऱ्यांचे तांडे दख्खनेत लोटले ते लष्करांच्या मागोमाग. १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान दक्षिणेवर चालून आला तेव्हा त्याच्या सैन्याची रसद भंगी आणि जंगी या नायकांनी वाहिली, त्यांच्यापाशी एक लाख ऐंशी हजार बैल होते आणि भगवानदास वडत्याजवळ बावन्न हजार होते, अशी परंपरागत कथा आहे. आणि या सेवेबद्दल आसफखानाने ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत सनद करून दिली, तिच्यात वाटेवरच्या रांजणांतील पाणी आणि छपरांवरचे गवत घेण्याची मुभा होती, असेही सांगतात. आकडे कथेतले आहेत. कथा आकडे फुगविते हे धरून चालले तरी त्या काळी प्रत्यक्ष डोळ्यांनी तांडा पाहणाऱ्यांची साक्ष काही थोडीथोडकी नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानातील वाटेवर धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. बायकामुले, चीजवस्तू, सारा संसार बरोबर घेऊन ही माणसे चालत, आणि उन्हाची वेळ टाळून दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा अधिक मजल मारीत नसत, असे त्याने लिहिले आहे. दिवसाला सहा-सात मैल! म्हणजे लादलेल्या बैलाची, कडेवर मूल घेतलेल्या बाईची आणि काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याची जी गती तीच सगळ्या तांड्याची गती. ज्यांनी लेंगीची पहिली, संथ फेरी पाहिली आहे त्यांना ही गती ओळखीची वाटेल.

तांड्याच्या अग्रभागी एक बैल चाले, त्याचे नाव हटाडिया. त्याच्यावर कधी ओझे लादीत नसत. तांबड्या रेशमाच्या पताका, पितळी साखळ्या, कवड्यांच्या माळा, गोंडे आणि नाद करणाऱ्या घंटा यांनी त्याला शृंगारलेले असे. आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून त्याच्या पायांशी नवस करीत, आणि थकून तो ज्या जागी बसे ती जागा त्या दिवसाचा मुक्काम ठरे. लष्करातील दस्तके आणि परवाने वजीरांनी द्यावेत, पण तांड्याच्या मुक्कामाचा हुकूम मात्र एका मुक्या जनावराच्या गुडघ्यांनी द्यावा, या व्यवस्थेतील विनम्रता मला फार मोठी वाटते. या बैलाच्या घंटांचा ठेका कोसच्या कोस ऐकत चालणाऱ्या माणसांच्या कानांत ताल कोठून आला हे वेगळे शोधण्याची गरज पडू नये.

तथापि ठेका म्हणजे सगळी चाल नव्हे. चालीच्या मूळ गावाचा पत्ता लावण्यासाठी तिच्याबरोबर प्रवास केलेले शब्द तपासावे लागतात. कारण स्वर वाटेत सहज बदलतात, परंतु विधीची नावे फार चिवट असतात. होळीच्या खेळात भाग घेणाऱ्या तरुणांना वाशीमच्या तांड्यांत ‘गेरिया’ म्हणतात आणि स्त्रियांना ‘गेरणी’. आता मारवाडात आणि मेवाडात जाऊन पाहावे. तेथे होळीच्या दिवसांत पुरुष हातांत काठ्या घेऊन, मोठ्या ढोलाच्या आणि थाळीच्या तालावर, रिंगणात फिरत जे नृत्य करतात त्याचे नाव ‘गेर’, आणि ते करणारे ‘गेरिये’. वर्षभरात जन्मलेल्या मुलाच्या घरी होळीच्या वेळी ही मंडळी जातात आणि बाळाच्या डोक्यावर काठ्यांचा आवाज करीत त्याला आशीर्वाद देतात. राजस्थानात त्या विधीला ‘ढूंढ’ म्हणतात, आणि मानोऱ्याच्या तांड्यात त्याच विधीचे नाव ‘धुंड’ आहे. फाल्गुनातल्या गाण्याला तिकडेही ‘फाग’ म्हणतात आणि इकडेही. इकडे नंगाऱ्याच्या, म्हणजे नगाऱ्याच्या, जोडीला काशाची थाळी वाजते, तिकडे ढोलाच्या जोडीला थाळीच वाजते. शेकडो कोसांच्या अंतरावर, मध्ये नर्मदा, तापी आणि पूर्णा या नद्या असताना, एकाच तिथीला, एकाच नावाने, एकाच प्रकारच्या काठ्या एकाच कारणासाठी वाजाव्यात, याला योगायोग म्हणता येणार नाही. भाषाभ्यासक ग्रिअर्सनने हिंदुस्थानातील भाषांच्या पाहणीत, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात, बंजारी किंवा लभाणी बोलीचे नाते पश्चिम राजस्थानच्या आणि उत्तर गुजरातच्या भाषांशी जोडले, तेही याच दिशेचे बोट आहे. आईला ‘याडी’ म्हणणारी आणि वाक्याच्या शेवटी ‘छ’ ठेवणारी ही बोली वऱ्हाडी मराठीच्या ऐन मध्यात राहूनही आपले माहेर विसरली नाही.

येथे वाशीम नगराविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म ते हेच. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त अशी रम्य कल्पना केली आहे की काव्यपुरुष देशोदेशी हिंडत असता साहित्यविद्यावधू त्याच्या पाठोपाठ गेली, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला. याच राजवंशाच्या सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ज्या भूमीला वाङ्मयाच्या इतिहासात असे विवाहमंडपाचे भाग्य लाभले, त्याच भूमीत तांड्यांची गाणी शतकानुशतके गायिली गेली आणि ती कोणत्याही पोथीत चढली नाहीत. परंतु राजशेखराच्या कथेतही नवरानवरी भेटतात ती हिंडता हिंडताच, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वधू वराच्या मागून चालत चालत वत्सगुल्माला आली होती.

आता, लेंगीसारख्याच एका परदेशी नृत्याची हकीकत सांगतो. कारण तिच्यात आपल्याला सावध करणारे पुष्कळ आहे. इंग्लंडात ‘मॉरिस’ नावाचे एक जुने नृत्य आहे. सहा पुरुष तीन-तीनच्या दोन रांगांत उभे राहतात, नडगीवर घुंगरांचे पट्टे बांधतात, हातांत काठ्या किंवा पांढरे रुमाल घेतात आणि ठराविक सणाला गावातून फिरत नाचतात. लोक त्यांना पैसे देतात, जसे आपल्याकडे गेरणींच्या मेळ्याला बाजारात दुकानदार फगवा देतात. पूर्वी एकच वादक डाव्या हाताने बासरी आणि उजव्या हाताने लहान ढोल वाजवून या नृत्याला साथ करीत असे. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतील विनोदी नट विल्यम केंप याने तर १६०० साली लंडनहून नॉरिचपर्यंतची वाट, ढोलकऱ्याला बरोबर घेऊन, नऊ दिवसांच्या नाचात कापली होती. रस्त्याने नाचत जाणे ही कल्पना इंग्रजांनाही परकी नव्हती.

१८९९ च्या नाताळात ऑक्सफर्डलगतच्या हेडिंग्टन क्वॉरी या वस्तीतील मॉरिस नर्तकांचा मेळा बाहेर पडला. हा त्यांचा नेहमीचा हंगाम नव्हे. त्यांचा सण ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारचा. पण थंडीमुळे बांधकामे बंद पडली होती, गवंडीकाम करणाऱ्या या माणसांच्या चुली थंडावल्या होत्या, आणि चार पैसे मिळावेत म्हणून ती अवेळी नाचावयास निघाली होती. २६ डिसेंबरला ती ज्या घरासमोर नाचली त्या घरात सेसिल शार्प नावाचा चाळिशीतला संगीतशिक्षक पाहुणा म्हणून उतरला होता. कॉन्सर्टिना वाजविणाऱ्या विल्यम किंबर या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने अवेळी आल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. शार्पने त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि त्याच्याकडून पाच चाली स्वरलिपीत उतरवून घेतल्या. इंग्रजी लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ या दिवसापासून धरतात. पुढे १९०५ साली मेरी नील या बाईंनी चालविलेल्या लंडनमधील क्लबात कष्टकरी मुलींना हे नृत्य शिकविण्यासाठी किंबरलाच पाचारण करण्यात आले, आणि १९०७ मध्ये शार्पचे ‘द मॉरिस बुक’ निघाले.

या चालींच्या उगमाविषयी मात्र पंडितांची मते वारंवार बदलली. शार्पने प्रथम असे मानले की नावावरून हे नृत्य मूर लोकांकडून आले असावे. १९१२ च्या सुधारित आवृत्तीत त्याने ते मत टाकून दिले आणि ख्रिस्तपूर्व काळातील एखाद्या युरोपीय धर्मविधीचा हा अवशेष असावा असे प्रतिपादन केले. ही दुसरी कल्पना फार लोकप्रिय झाली, कारण प्राचीनतेचा मोह कोणाला नसतो? परंतु दस्तऐवज धुंडाळू लागल्यावर निराळेच चित्र दिसू लागले. इंग्लंडात मॉरिसचा पहिला उल्लेख १४४८ चा आहे, आणि तो आहे लंडनच्या सोनारांच्या संघाने नर्तकांना सात शिलिंग दिल्याच्या हिशेबातला. १५८९ साली एका फ्रेंच धर्मोपदेशकाने लिहिलेल्या नृत्यविषयक ग्रंथात, उच्चभ्रू घरांतील भोजनानंतर तोंड काळे करून आणि पायांत घुंगरे बांधून नाचणाऱ्या मुलाचे वर्णन आहे, आणि त्या नाचाची चालही छापलेली आहे. म्हणजे शेतकऱ्यांच्या अंगणात येण्यापूर्वी हे नृत्य धनिकांच्या आणि राजदरबाराच्या दिवाणखान्यात वावरत होते. किंबरच्या ‘कंट्री गार्डन्स’ या रुमालनृत्याच्या चालीचीच कथा पाहा. हीच चाल १७२८ साली लंडनच्या रंगभूमीवरील ‘द क्वेकर्स ऑपेरा’ या संगीत नाटकात वापरली गेली होती; तेथून खेड्यापाड्यांतील नर्तकांच्या पायांत उतरली, किंबरने ती शार्पला दिली, १९१८ मध्ये संगीतकार पर्सी ग्रेंजरने ती पियानोसाठी बसविली, आणि मग ती शाळाशाळांतून व दिवाणखान्यांतून पुन्हा घुमू लागली.

हे वाचून कित्येकांना हळहळ वाटते, जणू काही एखादी देवमूर्ती स्वयंभू नसून कारागिराने घडविलेली निघाली! मला ती हळहळ वाटत नाही. नाटकातली चाल गवंड्यांनी उचलली, तिला आपल्या पावलांच्या मापाने कापली, घुंगरांच्या झटक्यासाठी तिच्यात जागा केली, आणि बापाने मुलाला देऊन टिकविली. तीत जे त्यांचे आहे ते त्यांनी कमावलेले आहे. लेंगीकडे पाहतानाही हीच दृष्टी ठेवावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मारवाडातून आले ते या उत्सवाचे चौकटरूप: तिथी, रिंगण, काठ्या, गेरिया-गेरणींची नावे आणि बाळाचा धुंड. परंतु त्या चौकटीत घुमणारा सूर दरवर्षी नव्याने भरला जातो. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची थोरवी गाणारी लेंगी एका बाजूला असते, तर दुसऱ्या बाजूला दीर-भावजयीची थट्टा, सावकाराची गाऱ्हाणी, कापसाचा भाव, पाऊस न पडलेले वर्ष आणि निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी, हे सारे होळीच्या परवान्याने गाण्यात शिरते. वऱ्हाडी शब्द तीत सहज येऊन बसतात. डफ हा तर महाराष्ट्राच्या शाहिराचाही सोबती.

तांड्यांच्या वाटा बंद कशा पडल्या तो इतिहास कष्टप्रद आहे. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे लढला तेव्हा इंग्रज फौजेचे धान्यही बंजाऱ्यांचेच बैल वाहत होते; परंतु १८६७ मध्ये आगगाडी अकोल्यावरून नागपूरला पोहोचली, आणि जे ओझे हजारो बैल महिनाभर वाहत ते वाघिणींनी एका रात्रीत वाहून नेले. ज्यांची उपजीविका गेली त्या भटक्यांकडे सरकार संशयाने पाहू लागले. १८७१ च्या कायद्याने सबंध जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय करून ठेवली. तो कायदा रद्द होऊन त्या जमाती ‘विमुक्त’ ठरावयास ३१ ऑगस्ट १९५२ चा दिवस उजाडावा लागला. वऱ्हाडातील बंजाऱ्यांवरचे एक विस्तृत इंग्रजी टिपण लिहिणारा कंबरलेज हा वऱ्हाडच्या पोलिसांतील अधिकारी होता, ही गोष्ट काळाचे स्वरूप सांगावयास पुरेशी आहे. त्याच्या टिपणावरून रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली आपल्या ग्रंथात पुष्कळ मजकूर घेतला, आणि हटाडिया बैलाचे वर्णन आपल्यापर्यंत आले ते त्याच वाटेने. बंदोबस्तासाठी लिहिलेल्या कागदांत समाजाचे सौंदर्य सांडून राहावे, ही विचित्र परंतु खरी गोष्ट आहे. मात्र त्या कागदांत चाली नाहीत. चाली राहिल्या तांड्याच्या गळ्यात. बैल विकले गेले, माळावर घरे उभी राहिली, पाठीवरच्या गोणीच्या जागी हातात नांगर आला, तरी फाल्गुनात रिंगण धरावयाचे थांबले नाही.

अजूनही पोटासाठी घर सोडणे थांबलेले नाही. तांड्यांतील कितीतरी माणसे ऊसतोडीला आणि मोठ्या शहरांतील बांधकामांवर जातात. होळीला ज्यांना परतता येते ते परततात, आणि ज्यांना येत नाही ते उसाच्या फडावर किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या आवारात पत्र्याच्या डब्यावर ताल धरून लेंगी म्हणतात. हेडिंग्टनच्या गवंड्यांना काम बंद पडले म्हणून अवेळी नाचावे लागले. आमच्या गवंड्यांना काम चालू आहे म्हणून परमुलखात नाचावे लागते. कॅसेटच्या काळापासून लेंग्यांच्या ध्वनिफिती बाजारात आल्या, आता त्या मोबाइलवर आल्या. त्यांत चित्रपटगीतांच्या चाली मिसळल्या, यंत्राचा एकसारखा ठोका आला. काही जाणत्यांना याचा फार राग येतो. नव्या चालीचा मी विटाळ मानणार नाही. पण एक गोष्ट मला खटकते. यंत्राचा ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाने चालतो. लेंगी मात्र बैलाच्या मजलेप्रमाणे संथ निघावयाची, मुक्काम दिसू लागला की घाई करावयाची आणि नाचणाऱ्यांचा दम पाहून पुन्हा सावरावयाची. हा चढउतार गेला, तर शब्द आणि स्वर शाबूत राहूनही चाल मात्र हरवलेली असेल.

म्हणून या गाण्यांचा संग्रह करावयाचा तर तो खोलीत बसवून केलेल्या ध्वनिमुद्रणाने साधणार नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीचे ठिकाण, बंजारा समाज ज्याला आपली काशी मानतो. रामनवमीला तेथे देशभरातून माणसे येतात. तेलंगणातली, कर्नाटकातली, आंध्रातली गोरबोली एकाच पारावर ऐकू येते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची ती भव्य वास्तू दुरूनच नजरेत भरते. फेटिया-कांचळी, दागिने, नंगारा ही वस्तूंची ठेव तेथे राहील. तिच्या शेजारी चालींचीही ठेव व्हावी, आणि ती अशी की ओळ कोणी उचलली, झेलली कोणी, रिंगण उजवीकडून फिरले की डावीकडून, कोणत्या ओळीवर पाऊल बदलले, कोणत्या घरासमोर कोणती लेंगी म्हटली, याची नोंद स्वरांच्या बरोबरीने राहावी. मग तीच लेंगी अनंतपूरकडील तांड्यात कशी म्हणतात आणि मारवाडच्या फागाशी तिचे नाते कोठे जुळते, हे शेजारी शेजारी ठेवून ऐकता येईल. रामनवमीच्या जत्रेत हे करावयास इतके गायक आपण होऊन एका ठिकाणी जमतात. होळी त्याआधी जेमतेम साडेतीन आठवडे असते, गळे अजून तापलेले असतात.

मी स्वतः मात्र कोणाला लेंगी दाखवावयाची झाली तर होळीच्या पहाटे तांड्यात नेईन. अनेक तांड्यांत होळी संध्याकाळी न पेटविता रात्र सरता सरता पेटवितात. रात्रभर गाऊन गेरियांचे आवाज बसलेले असतात, डफाची कातडी दवाने सैल पडून पुन्हा पुन्हा शेकावी लागते, आणि उजाडताच सगळा मेळा त्या घरी निघतो जेथे वर्षभरात मूल जन्मले आहे. अंगणात खुंटा रोवून त्याला गोडधोडाची भांडी बांधलेली असतात. गेरणी काठ्या घेऊन त्यांची राखण करतात, गेरिये तो खुंटा उपटावयास धावतात, पाठीवर फटके बसतात, हसण्याचा कल्लोळ होतो. पण त्या धुमाळीत एक वेळ येते जेव्हा सगळे क्षणभर थांबतात. याडी बाळाला मांडीवर घेऊन बसते. त्याच्या डोक्यावर एक लांब काठी आडवी धरली जाते, भोवती उभे राहिलेले गेरिये आपापल्या काठ्यांनी तिच्यावर ठोका धरतात, आणि बसलेल्या आवाजांतून आशीर्वादाची ओळ निघते. बाळ दचकते, रडावयास तोंड उघडते, आणि ठोका तसाच चालू राहिलेला ऐकून, ओठ मुडपून, काठ्यांकडे टक लावून पाहू लागते.